तीन उंबरे, रिकामे हात

आधीच हात जोडतो. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील आणि शब्दही साधेच येतील. गोष्ट मात्र जशी आहे तशी सांगतो. चुका पोटात घाला आणि ऐका.

एका राज्यात माणसे कमी दिसत आणि गाठोडी फार दिसत. रस्त्याने एखादा डोंगर चालत येताना दिसला तर लोक त्याला रामराम घालीत, कारण आत कुणीतरी असणारच. डोंगरातून उलट रामराम येई. पाठीवर वळकट्या, काखेत पिशव्या, कमरेला लोटे, गळ्यात टोपल्या आणि डोक्यावर बोचकी, अशी त्या राज्याची प्रजा होती. लोक बसून झोपत. घरांचे दरवाजे बैलगाडी जाईल एवढे रुंद केलेले होते. ओझे गाढवावर लादावे, तर ते उडी मारून पुन्हा धन्याच्या खांद्यावर बसे. गाढवे मोकळी हिंडत आणि माणसांकडे पाहून रेंकत.

हे असे का झाले? त्या राज्याचा राजा दानध्वज मोठा दाता होता. माझ्या दारातून कुणी रिकाम्या हाताने गेला नाही, असे तो अभिमानाने सांगे. राजा तशी प्रजा. कुणाकडे जायचे तर काहीतरी घेऊन जायचे, निघायचे तर काहीतरी घेऊन निघायचे, आणि कुणाची टोपली घरी आली तर ती रिकामी परत करायची नाही, अशी तिथली रीत होती. रीत वाईट नव्हती. पण एके दिवशी एक बैरागी राजाकडे भाकरी खायला आला. भाकरी खाऊन, पाणी पिऊन तो उठला. राजाने शेला दिला, तो नको म्हणाला. राजाने गाय दिली, तो नको म्हणाला. राजाने सोन्याचे ताट दिले, तेव्हाही तो हसून नको म्हणाला. राजाला राग आला. त्याने शिपायांकडून एक पेटारा बैराग्याच्या पाठीवर दोरांनी आवळून बांधला.

बैरागी शांतपणे म्हणाला, "राजा, हे तू मला दिलं नाहीस, माझ्यावर लादलंस. आता तुझ्या राज्यात दिलेलं कुणालाही खाली ठेवता येणार नाही."

एवढे बोलून तो पेटाऱ्यासकट निघून गेला. त्या दिवसापासून दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या अंगाला चिकटू लागली. ती दुसऱ्याला दिली तरच सुटे. पण दुसरा तिच्या बदल्यात आणखी काहीतरी दिल्याशिवाय थोडाच राहणार? लाडू खाल्ले तर संपत, पण टोपली उरे, आणि टोपली रिकामी कशी परत करायची? अशी ओझी वाढत गेली.

त्या राज्याच्या मधून शुभ्रा नावाची नदी वाहत होती. नदीवर गोंदा नावाचा एक तरुण नाव चालवी. आईबाप लवकर गेलेले, स्वभाव लाजरा, आणि बोलणे असे की समोरच्याने दोन वाक्ये बोलावीत तेव्हा याचा एक शब्द यावा. उतारूंनी दिलेला लोटा, कांबळे, चटई, एक घंटा आणि कुणाचा तरी पाळणा असे सगळे त्याच्या अंगावर लटकलेले असे. तो वल्हे मारू लागला की घंटा वाजे, आणि गोंदा आला हे पैलतीराला कळे.

पैलतीरावर त्याच्या मामाचे घर होते. मामी बायजा, तिची लेक साळू. साळू आणि गोंदा यांचे लग्न पाळण्यातच ठरले होते, आणि मोठे झाल्यावर दोघांनाही ते मनापासून पसंत पडले होते, हे विशेष. मामाही होता. पण तो गाठोड्यांच्या आत कुठेतरी असे. हुंकार ऐकू आला म्हणजे मामा घरी आहेत, असे समजायचे.

लग्न गोंदाच्या गावी व्हायचे ठरले. हळदीसाठी साळूला आणायला गोंदा नाव घेऊन गेला. साळूच्या अंगावर जन्मापासून भरलेल्या ओट्यांचे नारळ, खण, सुपे आणि परड्या होत्या. तिने नावेत पाय ठेवला. नाव विचारात पडल्यासारखी थोडी थांबली, मग काठावरच बुडाली. दोघेही गुडघाभर पाण्यात बसले. साळू खो खो हसत सुटली. नारळ पाण्यावर तरंगू लागले आणि पुन्हा तिच्या कमरेला येऊन चिकटले.

मामी मात्र हसली नाही. अंगणात पाठवणीचा ढीग रचून ठेवला होता, तिकडे तिने बोट दाखवले. पाटा-वरवंटा, हंडे, शेवया, कुरडया, लोणच्याच्या बरण्या, गोधड्या आणि एक शेळी.

ती म्हणाली, "हे अजून तिला द्यायचंय, गोंदा. माझी लेक रिकाम्या हाताने जायची नाही. तुझ्या नावेला झेपत नसेल तर पाटलांचा मुलगा याच काठावर राहतो. त्याच्या घरी जायला नाव लागत नाही. पौर्णिमेपर्यंत वाट बघते."

गोंदाने मान हलवली.  बुडालेली नाव उपसून तो एकटाच परत निघाला, आणि त्या दिवशी घंटासुद्धा वाजल्यासारखी वाटली नाही.

ऐलतीरी वाळूवर एक टिटवी बसली होती. टिटवी घरटे बांधत नाही, उघड्या वाळूवर अंडी घालते. साऱ्या राज्यात तिच्याइतके मोकळे कुणी नव्हते. गोंदा तिच्याजवळ बसला आणि सहज बोलावे तसे म्हणाला, "तुझं बरं आहे बाई. हा शाप कसा सुटेल, तुला ठाऊक आहे का?"

टिटवी म्हणाली, "आहे की."

गोंदा चकित झाला. मग इतकी वर्षे कुणाला सांगितले का नाही, असे त्याने विचारले. टिटवीने सांगितले की लोक येतात, पण विचारण्याआधी दाणे टाकतात. दाणे घेतले तर ओझे होईल, म्हणून ती उडून जाते. काहीही न देता प्रश्न विचारणारा हाच पहिला.

मग ती म्हणाली, "बैरागी इथूनच नदी उतरून गेला. जाताना पुटपुटला, ते मी ऐकलं. तीन उंबऱ्यांवरून माणूस रिकाम्या हाताने निघावा, आणि निघताना घरच्याचं मन दुखू नये. पहिला उंबरा जिच्याकडे सगळं आहे तिचा. दुसरा, ज्याला कुणी नाही म्हणत नाही त्याचा. तिसरा, जिचा जीव जाणाऱ्यात अडकला आहे तिचा."

पहिला उंबरा खोलदरीच्या जखिणीचा, हे गोंदाला लगेच उमगले. तिच्याकडे सोन्याने भरलेले सात रांजण होते आणि शंभर वर्षे ती त्यांची राखण करीत होती. दुसरा उंबरा राजाचा. तिसरा कुणाचा, हेही त्याला कळले. तो मामीचा.

तो खोलदरीत गेला. टिटवी वरून उडत होती. दरीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना सोन्याचे हंडे पाठीवर घेऊन माणसे बसली होती. त्यांना उठता येत नव्हते. ती सोंगट्या खेळत होती आणि गोंदाला म्हणत होती, जा, जा, आम्हीही असेच गेलो होतो.

जखीण उंबऱ्यातच बसलेली होती. केस जमिनीपर्यंत, पाय उलटे, आणि चेहरा एखाद्या आत्याबाईसारखा. गोंदाने वाकून नमस्कार केला आणि पिशवीतून चार पेरू काढून तिच्यापुढे ठेवले. कुणाकडे जाताना रिकाम्या हाताने कसे जायचे? वर टिटवीने कपाळाला पंख लावला.

जखिणीने पेरू घेतले आणि सोन्याचा हंडा त्याच्या पाठीवर चढवला. गोंदा मटकन खाली बसला. पण तो पडला नदीकाठचा, रीत त्यालाही ठाऊक होती. त्याने हंडा परत केला आणि रिकामा नको म्हणून वर आपला लोटा ठेवला. जखिणीने हंडा पुन्हा दिला आणि वर एक हिरा ठेवला. गोंदाने हिऱ्यासह परत केला आणि वर कांबळे ठेवले. जखिणीचे डोळे चमकले. शंभर वर्षांत तिच्याशी एवढा वेळ कुणी झुंजले नव्हते. हंडा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे असा जात राहिला. ऊन डोक्यावर आले, मग उतरले. चटई गेली, घंटा गेली, पाळणाही गेला. शेवटी दोघेही धापा टाकत उंबऱ्याला टेकले आणि हंडा जखिणीच्या मांडीवर राहिला.

जखिणीने पेरू खायला काढले. गोंदाला तिने एक दिला, तो त्याने खाऊन टाकला. मग ती बोलू लागली. आपण कोण होतो, राखणीला कशा बसलो, पावसाळ्यात दरीत बेडूक किती ओरडतात, हे सारे तिने सांगितले. गोंदाने साळूचे सांगितले. नाव बुडाल्याचे ऐकून जखीण इतकी हसली की तिचे उलटे पाय घटकाभर सुलटे झाले.

दिवस कलला तेव्हा गोंदा भीत भीत उठला. जखिणीने हंड्याकडे पाहिले, मग आपल्या हातांकडे पाहिले.

ती म्हणाली, "सोनं वाईट आहे म्हणून नको म्हणतोस का?"

"नाही आजी. सोनं चांगलंच आहे. मला पुन्हा तुमच्याकडे यायचंय, आणि हंडा घेऊन मला दरी चढता यायची नाही."

जखिणीने खाली वाटेकडे पाहिले. मग म्हणाली, "खरं आहे. ज्याला ज्याला दिलं, तो तिथं वाटेवर बसला. पुन्हा वर आला नाही कुणी. जा. तुला काही देत नाही. पण येशील ना?"

"येईन आजी."

"येताना पेरू आणू नकोस."

गोंदाचा लोटा तिने कमरेला लटकवला होता, पाळणा कडेवर घेतला होता, आणि घंटा वाजवत ती उंबऱ्यात उभी राहिली. तिला ते सारे फार शोभत होते. गोंदा निघाला. त्याच्या हातात काही नव्हते आणि पाठीवरही काही उरले नव्हते. टिटवी ओरडली, "एक उंबरा झाला. मोकळं निघायचं तर मोकळं जावं लागतं, एवढं आता तरी शीक."

म्हणून राजधानीत तो मोकळाच गेला. वेशीवर शिपायांनी त्याला अडवले. नजराणा कुठे आहे? नाही म्हणाला. काखेत काही आहे का? नाही. डोक्यावर? नाही. शिपायांनी त्याला दोनदा गोल फिरवून पाहिले. असा माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता, म्हणून त्यांनी त्याला राजापुढे उभा केला.

राजा दानध्वज सिंहासनावर होता, निदान सिंहासन तिथे असावे असे वाटत होते. राजांचे नजराणे, सरदारांच्या भेटी, परदेशच्या वकिलांनी दिलेली घड्याळे, हस्तिदंती खुर्च्या, सतरा पानदाने आणि मुकुटावर मुकुट असे सारे अंगावर रचलेले होते. मधल्या फटीतून फक्त राजाचे नाक आणि डोळे दिसत. कित्येक वर्षे तो तिथून उठलेला नव्हता.

काही न घेता आलेला माणूस पाहून ते डोळे आनंदाने मोठे झाले. राजाने त्याची विचारपूस केली, नदीला पाणी किती आहे ते विचारले, जेवायला घातले. निघताना मात्र त्याने शेला मागवला. गोंदा नको म्हणाला. राजाने घोडा मागवला. गोंदा खाली मान घालून नको म्हणाला. राजाने एक गाव दिला. गोंदा त्यालाही नको म्हणाला. दरबारात सुई पडली असती तर ऐकू आली असती, पण पडायला ती कुणाच्या तरी अंगावरून सुटायला हवी होती.

राजा म्हणाला, "आम्हाला कुणी नाही म्हणत नाही. एकदा एकाने म्हटलं होतं. त्याचं फळ अजून भोगतोय. तू दुसरा."

लाजऱ्या माणसाला कधी कधी भीतीनेच बोल फुटतात. गोंदा म्हणाला, "महाराज, तुम्ही कुणाला नाही म्हणता का?"

"राजाने नजराणा नाकारला तर आणणाऱ्याचा अपमान होतो."

"मग यातलं तुम्हाला काय काय नको होतं?"

राजाचे डोळे ढिगावरून फिरले. मग त्या ढिगातून आवाज येऊ लागला, आधी हळू आणि मग भराभर. ही घड्याळे नको होती, सगळी वेगवेगळी वेळ सांगतात. पानदाने नको होती, आम्ही पान खात नाही. तिसरा मुकुट डोळ्यांवर येतो. ते दगडी कासव कुणी दिले ते आठवत नाही, पण त्याने मांडी बधिर केली आहे. दरबारातले जुने सरदार माना डोलवू लागले. कासव देणारे सरदार मान खाली घालून उभे राहिले.

तेवढ्यात एक सावकार नजराणा घेऊन आला. एक चांदीचा मोर होता, माणसाएवढा. तो त्याने दोन्ही हातांनी पुढे केला. सारा दरबार राजाकडे पाहू लागला.

राजाचे ओठ हलले. शब्द जुना होता, पण त्याच्या तोंडात नवा होता. "नको," राजा म्हणाला.

सावकार थिजला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरले. मोर घेतला असता तर बदल्यात राजाने त्याहून मोठे काहीतरी दिले असते, आणि ते आयुष्यभर त्याच्याच मानगुटीवर बसले असते. तो म्हणाला, "महाराजांची फार कृपा झाली." असे म्हणून तो मोर घेऊन जवळजवळ पळतच सुटला.

राजा इतका हसला की वरचे तीन मुकुट किणकिणले. तो म्हणाला, "कुणाचंच मन दुखलं नाही की रे. आम्हाला वाटलं होतं आभाळ कोसळेल. जा बाबा, तुला काही देत नाही. आमचाही तुझ्यावर राग नाही."

गोंदा देवडीपर्यंत पोहोचतो तोच राजमाता काठी टेकीत मागून आल्या. लेकरू कामाला निघाले आहे आणि हातावर दही नाही? त्यांनी त्याच्या तळहातावर चमचाभर दही घातले. गोंदा घाबरला. आता नाकारावे तर म्हातारीचे मन दुखेल आणि घ्यावे तर हात भरेल. त्याने दही चाटून टाकले आणि तळहात उलटसुलट करून टिटवीला दाखवला.

टिटवीने मान तिरकी करून विचार केला. "पोटात गेलं ते ओझं नव्हे. वाटीही दिलेली नाही. दुसरा उंबरा झाला."

मागून राजाचा दूत धावत आला. तिसऱ्या उंबऱ्यासाठी राजा फर्मान काढायला तयार होता. बायजाबाईने लेक रिकाम्या हाताने पाठवावी, नाहीतर शिक्षा. गोंदाने दूताला हात जोडले. फर्मानाने मामीचे हात थांबतील, पण मन कसे थांबेल? तो एकटाच नदीकडे वळला. एवढी मोकळी पाठ घेऊन तो कधी चालला नव्हता, आणि तरी पाय जड होते. जखिणीचे मन त्याने ओळखले नव्हते, राजाचेही ओळखले नव्हते, जे झाले ते कसेबसे झाले. मामीला मात्र तो लहानपणापासून ओळखत होता. म्हणूनच त्याला भीती वाटत होती.

पौर्णिमेच्या सकाळी तो पैलतीरी उतरला. अंगणातला ढीग दुप्पट झाला होता. शेळीने मध्यंतरी दोन करडे दिली होती. भावकी जमली होती, आणि पाटील मुलाला घेऊन ओट्यावर बसले होते. पाटलाचा मुलगा साळूकडे नव्हे, करडांकडे पाहत होता.

गोंदाने सगळे सांगितले. टिटवी, जखीण, राजा, काही गाळले नाही. साळू आज या घरून रिकाम्या हाताने निघाली, तर सगळ्या राज्याचे ओझे उतरेल.

मामीने ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "राज्याचं उतरेल रे. माझ्या लेकीचं काय? सासरी उद्या बायका जमतील. माहेरून काय आणलंस म्हणून विचारतील. ती काय दाखवील? तिची आई तिच्या मागे आहे, हे त्यांना कशावरून कळायचं?"

गोंदाने साळूकडे पाहिले.   गाठोड्यांतून मामाचा हुंकार आला, पण तो कुणाच्या बाजूचा होता ते समजले नाही.

तेव्हा साळू पुढे आली. तिचे नारळ एकमेकांवर आपटत होते.

"आई, मला पाटा नको, हंडे नकोत. निघताना तू मला एकदा पोटाशी धर. बाकी काही नको."

"म्हणजे काय, धरीनच की."

"धरून दाखव."

मामीने हात पसरले. साळूही पुढे झाली. मामीच्या छातीवरची टोपली साळूच्या परडीला लागली. मामीने कूस बदलली, तर काखेतले सूप आडवे आले. साळू वाकली, तर नारळ मध्ये आले. मामीने पाठीमागून धरून पाहिले, तर पाठीवरच्या वळकटीवर तिचे हात थबकले. दोघी अंगणात एकमेकींभोवती फिरू लागल्या. भावकीतल्या बायका आधी हसू लागल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांनीही आपापल्या लेकींकडे पाहिले.

मामीचे हात साळूच्या खांद्यापर्यंतसुद्धा पोहोचले नाहीत. ती थांबली. तिने आपल्या हातांकडे पाहिले.

"तू रांगत होतीस, तेव्हा शेवटची घेतली होती," ती म्हणाली.

मग ती ओट्याच्या पायरीवर टेकली आणि कुणाला उद्देशून नव्हे अशी बोलू लागली. "मी या घरी आले तेव्हा माझ्या आईने मला पाटा दिला. मला खरं म्हणजे अजून एक दिवस तिच्यापाशी राहायचं होतं. तिलाही मला ठेवून घ्यायचं होतं, तिच्या डोळ्यांत दिसत होतं. पण तिने ते म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही. तिने पाटा दिला, मी घेतला. अजून पाठीवर आहे."

 बाजूला शेळी मिटक्या मारीत होती.

मामी उठली. तिने ढिगातली शेवयांची टोपली उचलली आणि घरात नेऊन ठेवली. मग हंडे नेले. मग कुरडया. गोधड्या नेताना ती अडखळली.

"लोणच्याची बरणी तरी ने."

"आई."

"छोटी आहे."

"आई."

"बरं, मिठाची पुडी? मीठ म्हणजे काय ओझं आहे?"

साळू हसली आणि तिचे डोळे भरून आले. मामीने पुडी परत फडताळात ठेवली. मग साळूला घरात बोलावून ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली, दोन्ही हात मोकळे सोडून, आणि म्हणाली, "जा, साळू. मला वाटेल तेव्हा मी येईन. तुला वाटेल तेव्हा तू ये. काही आणू नकोस."

साळूने उंबरा ओलांडला. मामीच्या गालांवरून पाणी वाहत होते. कौलांवर बसलेली टिटवी काळजीने म्हणाली, "घरच्याचं मन दुखू नये, असं होतं. ही तर रडतेय."

मामी पदराने डोळे पुसत तिला म्हणाली, "अगं टिटवे, अंडी वाळूवर टाकून फिरतेस, तुला काय कळायचं? लेक निघाली की आई रडायचीच. दुखतंय कुणाचं? मला तर आज कित्येक वर्षांनी हलकं वाटतंय."

हे शब्द तिच्या तोंडातून निघाले, आणि अंगणात पहिली गाठ सुटली.

नारळ धडाधडा खाली पडले आणि उतारावरून नदीकडे घरंगळू लागले. परड्या, सुपे, वळकट्या सुटल्या. मामीच्या पाठीवरचा पाटा दाणकन पडला आणि फरशीला तडा गेला. मामी त्या तड्याकडे पाहायला थांबली नाही. ती धावली आणि तिने साळूला पोटाशी धरले. मध्ये काहीच आले नाही. दोघी कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.

कोपऱ्यातला गाठोड्यांचा ढीग कोसळला आणि आतून मामा निघाला. उंच, गोरा, चांगला देखणा माणूस होता. मामी साळूच्या खांद्यावरून पाहत म्हणाली, "अगं बाई, तुम्ही असे दिसता होय?" मामा लाजला.

साऱ्या राज्यात त्या घटकेला असा आवाज झाला की गाढवे दचकून पळाली. खोलदरीच्या वाटेवरची माणसे उठली. त्यांनी हंडे तिथेच टाकले, आणि सोंगट्यांचा डाव अर्धवट राहिला म्हणून वर जखिणीकडे खेळायला गेली. राजधानीत राजा दानध्वज सिंहासनावरून उठला, कासवाची ठेच लागली तरी हसला, आणि पायी चालत राजमातेच्या महालात गेला. तिथे त्याने तिच्या मांडीवर डोके ठेवले.

पाटलांनी मुलाकडे पाहिले, मुलाने करडांकडे पाहिले. मामी म्हणाली, करडे आवडली आहेत का? हवी आहेत का? मुलगा म्हणाला, एक हवे आहे. तिने एक दिले, आणि ते त्याला चिकटले नाही. उलट त्याच्या हातातून निसटून बागडत पळाले, आणि मुलगा त्याच्यामागे पळाला.

साळू नावेत बसली. मामा बसला, मामी बसली, भावकी बसली, टिटवी डोलकाठीवर बसली, तरी नाव पाण्यावर पिसासारखी तरंगली. लग्न लागले. अक्षता पडल्या त्या खाली पडल्या, अंगावर राहिल्या नाहीत. राजाने दवंडी पिटवली: द्यावे, जरूर द्यावे, पण आधी विचारावे. नको म्हटले तर दुसऱ्यांदा विचारावे, तिसऱ्यांदा विचारू नये. राज्याची घडी बसली. बैरागी पुन्हा दिसला नाही. पण शुभ्रेच्या पुढच्या वळणावर एक रिकामा पेटारा वाहत चाललेला कोळ्यांनी पाहिला.

लग्नाच्या रात्रीच गोंदाने मामा-मामीला पैलतीरी सोडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गोंदा जागा झाला तेव्हा तो पाठीवर झोपलेला होता, आणि वर छप्पर दिसत होते. साळू अजून झोपली होती. तो घाटावर आला, नावेकडे गेला, आणि नाव न सोडताच पाण्यात उतरला. जन्मभर त्या नदीवर वल्हे मारले होते, पण अंगावरचे ओझे घेऊन पोहणार कसा? आज त्याने हातपाय मारले, गटांगळ्या खाल्ल्या, आणि पोहत पोहत पैलतीर गाठला. मामी दारात सडा घालीत होती. एवढ्या सकाळी काय काम काढलेस, असे तिने विचारले. काही नाही, तो म्हणाला. मामी सवयीने काहीतरी द्यायला आत वळली, दोन पावले गेली आणि परत आली. मग ती घाटाच्या पायरीवर बसली आणि तिने पाय पाण्यात सोडले. गोंदा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हसत होता.